फिशटँकमध्ये आरओचं पाणी आपोआप भरताय? या चुका टाळा

टँकमधलं पाणी उडून जातं तेव्हा फक्त पाणीच जातं, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट आरओच्या पाण्याने भरून काढायची आणि ते काम यंत्रावर सोपवायचं, हा विचार अगदी बरोबर आहे. गडबड होते ती जोडणीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आरओची नळी थेट टँकमध्ये सोडून तिच्या तोंडाला फ्लोट व्हॉल्व्ह (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याने बंद होणारी तोटी) बसवणे. फ्लोटच्या वर येण्याच्या वाटेत एखादी गोगलगाय अडकली किंवा बिजागरीवर मीठ साचलं, की नळाला पाणी असेपर्यंत टँक भरतच राहतो. हा धोका निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही. आरओ बंद असताना मेम्ब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या) खाऱ्या बाजूचे क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात, त्यामुळे संच सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बराच जास्त असतो. थेट जोडणीत फ्लोट दिवसभरात अनेकदा जरा-जरासा उघडतो, म्हणजे टँकला मिळतं ते नेमकं हेच सुरुवातीचं पाणी. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) असेल तर टँक वाचतो, पण रेझिन भराभर संपतं. मेम्ब्रेन आणि डीआयच्या मध्ये टीडीएस मीटर लावा. संच सुरू होताच एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा आकडा बघा, फरक लगेच कळेल.

यावर इलाज म्हणजे मध्ये एक साठवण टाकी. सुरुवातीचं पाणी बाजूला काढून आरओने ती एकदम भरून घ्यायची आणि टँकला तिथून छोट्या पंपाने पाणी द्यायचं. ही टाकी मोठी घेण्याचा मोह होतो, तो आवरा. पंप चालूच राहून अख्खी टाकी टँकमध्ये रिकामी झाली तरी जीव वाचले पाहिजेत, हा हिशेब धरा. 200 लिटरच्या समुद्री टँकची क्षारता 35 (हजार भागांत 35 भाग मीठ) असेल आणि त्यात 20 लिटर गोडं पाणी पडलं, तर ती 31.8 वर येते. 5 लिटर पडलं तर 34.1. पहिला धक्का प्रवाळांना सोसवत नाही. शिवाय तेवढं पाणी मावायला संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) जागा हवी, नाहीतर ते जमिनीवर येणार. टाकी भरण्याचं काम मात्र मी समोर उभं राहूनच करावं म्हणेन. दोन्ही टप्पे आपोआप चालले की टाकीने घातलेली मर्यादाच संपते.

पंप बंद झाला तरी पाणी वाहतंय? मग तो सायफन आहे, म्हणजे भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खालच्या बाजूला ओढलं जातंय. टाकी उंचावर असेल तर टाकी रिकामी होईपर्यंत तो थांबत नाही. टाकी खाली आणि नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडालेलं असेल, तर उलट टँकचं पाणी टाकीत उतरतं. टाकी खालीच ठेवा आणि नळीचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर बांधा.

पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर संपच्या रिटर्न पंपाच्या (पाणी परत वर टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातच लावावा, कारण घट तिथेच दिसते. पण ओव्हरफ्लोची (टँकमधून संपमध्ये पाणी उतरण्याच्या वाटेची) जाळी तुंबली तरी त्याच कप्प्यातली पातळी उतरते. सेन्सरला वाटतं पाणी उडालं, तो भरत राहतो आणि वरचा टँक काठावरून सांडतो. म्हणून एका सेन्सरवर विसंबू नका. थोडा वर दुसरा, वेगळ्या प्रकारचा सेन्सर हवा, आणि पंप सलग किती वेळ चालेल यालाही टायमरने बांध घाला. वीज परत आल्यावर पातळी स्थिरावेपर्यंत भरणं सुरू होणार नाही, अशी सोय कंट्रोलरमध्ये असेल तर ती जरूर वापरा.

गोड्या पाण्याच्या टँकसाठी एक खुलासा: निव्वळ आरओचं पाणी फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी चालतं. पाणी बदलताना त्यात खनिजं मिसळावीच लागतात.

आरओच्या वाटेत सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) लावत असाल तर वीज गेल्यावर बंद होणाराच घ्या. तो सेडिमेंट फिल्टरच्या (गाळ अडवणाऱ्या फिल्टरच्या) नंतर, पण मेम्ब्रेनच्या आधी बसवा. फिल्टरच्या आधी बसवला तर गाळाचा कण बसून तो पूर्ण मिटत नाही. मेम्ब्रेननंतर शुद्ध पाण्याच्या नळीवर बसवला तर शुद्ध पाणी थांबतं, पण वेस्ट (आरओने टाकून दिलेलं खारं पाणी) वाहतच राहतं. सोलेनॉइडऐवजी दाबावर चालणारा शटऑफ व्हॉल्व्ह असेल तर साठवण टाकीतला फ्लोट हाताने वर धरा आणि वेस्टच्या नळीकडे बघा. काही मिनिटांत धार थांबायला हवी. नाही थांबली तर बहुधा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) गेलेला असतो. तो स्वस्त भाग आहे, आधी तोच बदलून बघा.