‘पुरावा मोबाईलमध्ये आहे’ असं पक्षकार म्हणतो तेव्हा

शिवाजीनगर कोर्टात सिनियरकडे लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. हातउसन्या पैशांच्या वसुलीचा दावा होता. पक्षकार काका व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट छापूनच घेऊन आले. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असं प्रतिवादीने दहा वेळा तरी लिहिलेलं. मी कागद यादीला जोडले, 65 बीचं सर्टिफिकेट, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डच्या प्रतीसोबत द्यायचं प्रमाणपत्र, टाइप केलं आणि प्रिंट काढणाऱ्या भाच्याची त्यावर सही घेतली.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तीनच प्रश्न विचारले. मेसेज ज्या फोनवर आले तो कुठे आहे? नवा घेताना एक्स्चेंजमध्ये दिला. भाच्याने तो कधी वापरला होता का? नाही. मग त्याने सही कशाच्या आधारावर केली? काका माझ्याकडे बघायला लागले. स्क्रीनशॉट पुराव्यात वाचले गेले नाहीत. हातात उरली बँकेची एक नोंद, आणि तेवढ्याने ती रक्कम उसनी होती हे सिद्ध झालं नाही. काकांचे पैसे खरे होते, असं मी आजही मानते.

म्हणून पक्षकार समोर बसला की पहिला प्रश्न फोनबद्दल विचारा. तोच फोन आहे का? कोणाच्या ताब्यात असतो? विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट उडवू नका, हे त्याला लिहून द्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरलं जातं.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि 65 बीच्या जागी कलम 63 आलं. त्या तारखेआधीच्या प्रलंबित प्रकरणांना मात्र 1872 चाच जुना पुरावा कायदा लागतो. त्यामुळे एकाच दिवशी एका कोर्टात 65 बी आणि शेजारच्या कोर्टात 63 असं होतं. जुना नमुना कॉपी-पेस्ट करण्याआधी प्रकरण कधीचं आहे ते बघा. नव्या सर्टिफिकेटचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे. भाग ए रेकॉर्ड हजर करणाऱ्याने भरायचा, भाग बी तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहावी लागते.

हॅशला घाबरू नका. फाइलमधल्या मजकुरावर गणित करून निघालेली ती अक्षर-अंकांची ओळ असते. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते, तिने एसएचए-256 या प्रकारचा हॅश काढता येतो. घरी एखाद्या फाइलवर करून बघा, दहा मिनिटांत कळेल. खरी चूक वेगळीच होते. पक्षकार फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तो वाटेत कॉम्प्रेस होतो आणि तुमच्याकडच्या प्रतीचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. फाइल मूळ फोनमधून केबलने घ्या आणि हॅश त्याच बैठकीत काढून ठेवा.

बँकेच्या स्टेटमेंटला 1891 च्या बँकर्स बुक्स कायद्याखालचं सर्टिफिकेटही लागतं. ते शाखेतूनच मागा.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे मजकूर सिद्ध झाला, असं नव्यांना वाटतं. मलाही वाटायचं. त्याने रेकॉर्ड फक्त कोर्टाच्या दारातून आत येतं. मेसेज प्रतिवादीनेच लिहिला हे वेगळं सिद्ध करावं लागतं. नंबर कोणाचा, फोन कोण वापरतं, त्या संभाषणात दोघांनाच ठाऊक असेल असं काय आहे? सरतपासणीचं, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या पहिल्या साक्षीचं, शपथपत्र लिहिताना यावर दोन परिच्छेद जास्त खर्च करा.

रेकॉर्ड दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर? यासाठी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा सर्वोच्च न्यायालयाचा 14 जुलै 2020 चा निकाल मुळातून वाचा. प्रकरण आपल्याच जालन्याचं, 2014 च्या विधानसभा निवडणुकीचं. उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर भरला गेला का, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरायचं होतं आणि अधिकारी सर्टिफिकेट देत नव्हते. न्यायालयाने सांगितलं की दुय्यम प्रतीला, म्हणजे मूळ उपकरणाऐवजी दिलेल्या प्रतीला, सर्टिफिकेट हवंच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केलं तर त्याची गरज नाही. आणि ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं, त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही. त्या निकालात पक्षकाराला तारलं ते त्याने पुन्हापुन्हा केलेल्या मागणीने.

हे सोसायटीच्या सीसीटीव्हीला सगळ्यात जास्त लागू पडतं. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर भरला की जुन्या फूटेजवर नवं चढतं, आणि आपण तारखेची वाट बघत बसलो तर काहीच उरत नाही. म्हणून वकीलपत्रावर सही झाली त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरींना पत्र देते. त्यात कॅमेरा, तारीख, वेळ आणि फूटेज जपून ठेवण्याची विनंती असते. पोच घेते. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र देते आणि मग कोर्टात हजर करण्यासाठी अर्ज करते. दोन्ही पोचपावत्या त्या अर्जाला जोडते.