रिकामी पिकअप पावसात मागून का सुटते आणि मिरगाआधी काय करून ठेवावे

बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा गोव्यात दिसणाऱ्या बहुतेक मालवाहू गाड्या मागच्या चाकांवर चालतात. इंजिन, केबिन आणि चालक पुढे, मागे नुसता पत्र्याचा हौदा. माल भरला की हिशेब जुळतो. रिकाम्या गाडीत मात्र ज्या चाकांनी ढकलायचे, त्यांच्यावरच भार नसतो. बर्फाळ मुलखात या गाड्यांची जी गत होते, तीच आपल्याकडे तांबड्या चिखलात होते. जादा दिवे, रुंद टायर, पुढचा गार्ड यांवर पैसे घालण्याआधी मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाके ज्यावर बसतात तो आस, बघा. इथे पुढे दिलेली कामे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरकावीत. मिरग (मृग नक्षत्र) लागला की गॅरेजात रांग लागते.

आधी वजन

रिकाम्या गाडीत १६० ते २०० किलो वजन कायम ठेवा. सिमेंटची रिकामी पोती घ्या, एकात एक अशी दोन घाला आणि पाऊण भरा. असे पोते साधारण ४० किलोचे होते, चार-पाच पुरतात. तोंडापर्यंत भरलेले पोते गोल होते आणि वळणावर लोळते, पाऊण भरलेले बसून राहते. रेती गोव्यात सहज मिळेलच असे नाही, तेव्हा खडीच्या क्रशरची पावडर वापरा. गाडी अडकली तर तीच चाकाखाली टाकायला उपयोगी पडते. तांबडी माती भरू नका. ती भिजली की पोत्यातून रेंदा गळतो आणि हौदाच निसरडा होतो.

पोती कुठे ठेवायची यात बरेच जण चुकतात. ती थेट मागच्या एक्सलवर किंवा त्याच्या किंचित पुढे हवीत. मागच्या फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाके हलकी होतात, स्टेअरिंग सैल लागते आणि गाडी सुटली की शेपूट जास्त जोराने फिरते. पोत्यांच्या पुढे आणि मागे एकेक आडवी लाकडी पट्टी हौद्याला बोल्टने पक्की करा, वरून दोर आवळा. मोकळे वजन जोरात ब्रेक लागताच केबिनवर येऊन आदळते. म्हणूनच सुटे चिरे वजन म्हणून टाकू नयेत. माल भरताना पोती उतरवा, नाहीतर त्यांचे वजन मालाच्या मर्यादेत धरा.

ताडपत्री ढिली असेल तर न मागितलेले वजनही मिळते. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद हौद्यात एक सेंटिमीटर पाणी साचले तरी ते ४२ किलोच्या वर जाते, आणि ते वळणागणिक इकडून तिकडे धावते. हौद्याच्या तळाची भोके तारेने मोकळी करा आणि ताडपत्रीखाली कमानी लावा.

टायर

टायरच्या खाचांतली टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी) उंचवट्याची खूण १.६ मिलिमीटरवर असते. तिथपर्यंत थांबू नका. पावसाळ्यात मागच्या जोडीला ३ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी चालवू नये. दोन्ही मागचे टायर एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २४१९ म्हणजे २०१९चा चोविसावा आठवडा. नक्षी भरपूर पण रबर कडक झालेले, असा टायर ओल्या डांबरावर घसरतो.

कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) किंवा चिरेखाणीवर रोज जाणे असेल तर मागे लग टायर, म्हणजे मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर, घाला. फक्त मडगाव-पणजीची डिलिव्हरी असेल तर ते घेऊ नका. ओल्या डांबरावर मोठ्या ठोकळ्यांचे रबर कमी टेकते.

हवेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. लोडसाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीला तशीच राहते, टायर मधोमध फुगतो, टेकतो तेवढ्याच पट्ट्यावर, आणि मागचा भाग उड्या मारतो. कंपनीच्या पुस्तकात किंवा दरवाजावरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतात. ते पाळा, स्वतःचा मीटर ठेवा, टायर गार असताना मोजा. रिकाम्याच्या आकड्याखाली मात्र रस्त्यावर जाऊ नये. हवा कमी असली की टायर पाण्यावर लवकर तरंगतो. अडकलेली रिकामी गाडी काढताना हवा दोन तृतीयांशापर्यंत उतरवता येते, पण ती चालण्याच्या वेगापुरतीच. डांबर लागण्याआधी पुन्हा भरायला हवी, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत असू द्या.

मागचे ब्रेक आणि ती दुर्लक्षित रॉड

बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला बारीक रॉड गेलेली दिसते. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी भरली की हौदा खाली बसतो, रॉड हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीत दाब कमी होतो. चिखल आणि खाऱ्या हवेच्या गंजाने रॉडचे सांधे अडकतात. ती भरलेल्या स्थितीत अडकली तर रिकाम्या गाडीची मागची चाके ब्रेकवर पाय ठेवताच जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. दोष मग टायरला दिला जातो.

जास्त माल नेण्यासाठी मागच्या स्प्रिंगला जादा पाटा घालून घेणाऱ्यांची गोष्ट उलटी. मागचा भाग उंच राहतो, व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते, आणि भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक अपुरे पडतात. चोर्ला घाटातून भाजी घेऊन केरीकडे उतरताना हे फार महागात पडते. पाटे बदलले असतील तर व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्या. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही नव्या गाड्यांत ही रॉड नसते.

त्याच वेळी मागचे ड्रम उघडा. शू, स्प्रिंग, व्हील सिलिंडर ओले दिसतात का ते पाहा; हबचे सील गळत असेल तर शूवर तेल येते आणि एकच चाक ब्रेक धरते. दोन्ही बाजू सारख्या अॅडजस्ट करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, दोन वर्षे झाली असतील तर बदला. नंतर मोकळ्या ओल्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरला ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का ते बघा.

एक्सलमध्ये पाणी शिरू नये म्हणून

डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा एक्सलच्या मधला भाग, गॅरेजच्या भाषेत क्राउन, चालून गरम होतो. तो पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ घेते. वरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचे तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर ही ओढ सीलमधून पाणी खेचते. ब्रीदर काढून डिझेलने धुवा. तोंडावर तेलाला टिकणारी बारीक नळी क्लिपने बसवून ती हौद्याच्या तळाइतकी उंच नेली आणि तिचे टोक खाली वळवले, तर बरीच चिंता मिटते. खर्च किरकोळ आहे.

डिझेल फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू पावसाळ्यात दर पंधरवड्याला सोडावा. वायपरची रबरे नवी घाला, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन लावा, मागच्या दिव्यांचे कनेक्टर उघडून कोरडे करा. ब्रेकलाइट न लागणे हा पावसातला नेहमीचा बिघाड.

गाडीत काय ठेवावे

लहान फावडे, दीड-दोन फुटांच्या दोन जाड फळ्या, चार गोणपाट, ओढायचा दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या). बाटली जॅकखाली घालायला फूटभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड फळी हवीच. मऊ मातीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतः खाली जातो. दोर फक्त चासीच्या हुकाला बांधा. बंपर, पाटे किंवा एक्सल यांना नाही. ओढताना माणसे दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर उभी राहावीत.

चालवताना

चिखलात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत निघा. पहिल्यात ताकद जास्त येते आणि चाक जागीच फिरते. वळणावर आतले मागचे चाक हलके होते आणि साधा डिफरन्शिअल सगळी ताकद त्यालाच वाया घालवू देतो. बेळगावला रिकामी जाताना चोर्ल्याच्या वळणांवर चाक फिरते ते यामुळे. वळणाआधीच गिअर उतरवा, वळणात अॅक्सिलरेटर स्थिर ठेवा. उतारावर खालच्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडला तर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि तीच घसरतात.

फेरीच्या धक्क्यावर शेवाळ असते. चढताना भार मागे येतो, तेव्हा न थांबता एका दमात चढा. उतरताना मागचा भाग हलका होतो. पहिला गिअर, पायाचा ब्रेक अलगद, हँडब्रेकला हात नको. खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतातल्या) बांधावरून जाताना समोरून गाडी आली तर कडेला उतरू नका, मागे घ्या. बांधाची कड वरून कोरडी दिसली तरी आतून पोकळ असते.

चाक फिरायला लागले की थांबा. आणखी रेस केली तर क्राउन जमिनीला टेकेपर्यंत खड्डा होतो. चाकाच्या पुढची आणि मागची माती काढा, गोणपाट किंवा चुडते (माडाच्या झावळ्या) घाला. चुडताचा जाड देठ तोडून टाका, तो ओला झाला की साबणासारखा सरकतो. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून हलके अॅक्सिलरेटर द्या. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की ताकद दुसरीकडे जाते. बाहेर येताच हँडब्रेक सोडा, नाहीतर शू जळतात.

रस्त्यावरचे पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल तर जाऊ नका. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्ट करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकते. पलीकडे निघालात की ब्रेक हलका दाबून शंभर-दोनशे मीटर चला, ड्रम सुकतात. रात्री हँडब्रेक लावून ठेवला तर ओले शू ड्रमला चिकटतात, तेव्हा गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

गणेश चवथीच्या आधी क्राउनचा लेव्हलचा बोल्ट सोडून बोट घाला. तेल दुधाळ आले तर सगळे काढून नवे भरा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा. पहिल्या भरणीत उरलेले पाणी मिसळून येते.