इंडक्शनला जाताना: आदल्या रात्रीपासून परत घरी येईपर्यंत

प्रवेश पक्का झाला की कॉलेजचा मेसेज येतो, अमुक तारखेला इंडक्शन, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजची ओळख करून देणारा कार्यक्रम, सकाळी दहाला सभागृहात हजर राहा. घरात लगेच कोणीतरी म्हणतं, नुसती भाषणं असतात, नाही गेलं तरी चालतं. कृपा करून हे ऐकू नका. अभियांत्रिकीला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) २०१७ मध्ये तीन आठवड्यांचं इंडक्शन ठरवून दिलं, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाचं असंच इंडक्शन आणलं. काही कॉलेजं ते एक-दोन दिवसांत उरकतात, आणि तेव्हा तर मुळीच चुकवू नका. पुढे ज्यांच्या खिडकीसमोर रांगा लावायच्या, ती माणसं त्या दिवशी तुमच्यासमोर बसलेली असतात आणि त्यांना तुमच्यासाठीच वेळ दिलेला असतो.

आदल्या रात्री फाईल लावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो आठ-दहा. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख नीट वाचा, त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले तर पोच मागा, आणि देण्याआधी मोबाईलवर स्कॅन करून ठेवा. नाशकात या दिवसांत पाऊस असतो, म्हणून फाईल चेनच्या प्लास्टिक पाऊचमध्येच टाका. माझ्या दाखल्यावरचा निळा शिक्का बसमधून उतरताना भिजला आणि तहसीलदारांचं नाव पुसलं गेलं. नवीन दाखल्यासाठी वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडाला.

बँकेचं काम त्याआधीच उरका. २०१९ साली मी निफाडहून यायचे. इंडक्शनच्या दिवशी जेवण झाल्यावर एसटी चुकेल म्हणून निघाले, आणि शिष्यवृत्तीची माहिती नेमकी दुपारीच होती. महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय त्याच खात्यात जातात, हे मला कळलंच नाही. माझं आधार शाळेत उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि त्याचं पासबुकही सापडत नव्हतं. हप्ता तिथे पडून राहिला, मी चार महिने मेसची उधारी वाढवत होते. म्हणून बँकेत जाऊन एवढंच विचारा, ‘माझं आधार कुठल्या खात्याला सीड (जोडलेलं) आहे?’ डिजिलॉकरवरून बारा अंकी एबीसी आयडीही (तुमचे क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा नंबर) काढून वहीत लिहून ठेवा.

रस्त्याची तालीम कामाच्या दिवशी, कॉलेजच्याच वेळेला करा. नाशिकरोडकडून कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला यायचं असेल तर द्वारका चौकासाठी अर्धा तास जास्तीचा धरा. सिटीलिंकची (नाशिकची शहर बससेवा) कुठली बस कुठे सोडते ते त्या थांब्यावरच्या मुलांना विचारलं की लगेच कळतं. डबा न्या, थोडा जास्तच न्या. शेजारच्या मुलीला ‘भाजी घेतेस का’ म्हटलं की ओळख आपोआप होते.

सभागृहात पुढच्या तीन रांगांत बसा. वहीचं शेवटचं पान नावांसाठी ठेवा: शिष्यवृत्तीचे क्लार्क, परीक्षा विभाग, ग्रंथपाल, तुमचे मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक), अँटी-रॅगिंग समिती. नावासमोर खोली नंबर आणि वेळ लिहा. रॅगिंगची देशभराची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ त्याच पानावर, वरच.

प्रश्न घरूनच लिहून न्या. मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम) विषय कधीपर्यंत बदलता येतो? अंतर्गत गुण कशाचे? हजेरी कमी भरली तर काय होतं? एका वर्षानंतर शिक्षण थांबवावं लागलं तर कोणतं प्रमाणपत्र मिळतं? मुलींनी एक जास्तीचा प्रश्न विचारा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, मग त्याचा अर्ज इथे कोणाकडे द्यायचा?

आणि हे सगळं मराठीत विचारा. सुरगाणा-पेठकडून आलेली कितीतरी हुशार मुलं समोरून इंग्रजी ऐकलं की गप्प होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही उभे राहिलात की मागच्या दहा जणांनाही उत्तर मिळतं.

ग्रंथालय, प्रयोगशाळा, पिण्याचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह हे त्याच दिवशी फिरून बघा. आई किंवा वडील सोबत असतील तर मेंटॉरशी त्यांची गाठ घालून द्या.

घरी आल्यावर वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख मात्र वडिलांना तोंडी सांगा, कारण दाखल्यासाठी तहसीलला त्यांनाच जावं लागणार आहे.