वणव्याच्या हंगामात कॅम्पवर लाकडाची चूल: कुठे नाहीच, कुठे आणि कशी

दिवाळी उलटली की कास-बामणोलीकडच्या उतारांवरचं गवत पिवळं पडायला लागतं आणि शिवरात्रीपर्यंत इतकं वाळतं की विडीचं थोटूकही पुरतं. वनखातं आगीचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतं. या चार महिन्यांत चूल कशी पेटवायची, याआधी ती पेटवायची का, हे ठरवावं लागतं. चूल पत्र्याची घडीची असो, रॉकेट स्टोव्ह (बाजूच्या तोंडातून लाकूड सरकवायची उभ्या नळीची चूल) असो की धुराड्याची शेगडी, फरक पडत नाही.

राखीव वनात विषयच संपतो. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार, वन अधिकाऱ्याने मुभा दिलेला काळ सोडून तिथे आग पेटवणं, ठेवणं आणि सोबत नेणं, तिन्ही गुन्हे आहेत. कोयना अभयारण्य (वासोटा त्यातच येतो), चांदोली आणि सांगलीकडचं सागरेश्वर इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागतं. ‘आमची शेकोटी नाही, बंदिस्त चूल आहे’ हा युक्तिवाद वनरक्षकापुढे करून पाहू नका.

राहिली मालकीची जागा: तापोळा-बामणोलीचे तंबू, फार्महाउस, शेतातला कॅम्प. इथे आधी गावात आणि वनपालाकडे विचारा, त्या दिवसांत काही मनाई आहे का. ती नसली तरी एक कसोटी लावा. अमेरिकेतल्या जंगलांत आगबंदी लागते तेव्हा बहुतेक हुकमांत गॅसची शेगडी चालते, लाकडाची नाही. कारण गॅसला बंद करायची चावी असते. वारा फिरला तर गॅस तत्काळ बंद होतो. लाकडाची चूल आतला माल जळेपर्यंत अर्धा-पाऊण तास चालूच राहते. स्पिरिटच्या स्टोव्हलाही बहुधा चावी नसते, शिवाय त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून तोही गॅसच्या रांगेत बसत नाही. तेव्हा चहा-नाश्ता, भात, रस्सा गॅसवर करा. चुलीवरच्या मटणाची चव वेगळी असते, मान्य. पण ते दुपारी दोन वाजता करायची गरज नसते. डोंगरावरचा वारा सकाळी बहुतेक पडलेला असतो. सकाळी सहा ते नऊ ही चुलीची वेळ.

जागा निवडताना आधी चढ पाहा. उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून गवताळ चढाच्या पायथ्याशी चूल मांडू नये. सपाट जागेवर चुलीभोवती तीन मीटरपर्यंत गवत, पालापाचोळा, वाळलेलं शेण सगळं खरवडून माती उघडी करा. नुसतं झाडून भागत नाही. मुळं आणि शेण मातीत धुमसत राहतात आणि काही तासांनी, तुम्ही निघून गेल्यावर, कडेला धूर येतो. वर फांद्या नकोत, तंबू तीन मीटरच्या बाहेर. तंबूच्या आत चूल अजिबात नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. चुलीखाली दोन विटा आणि त्यावर पत्रा, म्हणजे बुडाची धग मातीत उतरत नाही. ओढ्यातले गोटे वापरू नका, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते फुटतात.

पेटवण्याआधी हाताशी हवं: पाण्याच्या भरलेल्या दोन बादल्या, फावडं, घमेलं, आणि शक्य असेल तर पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप. गवतातली ठिणगी मारायला पंपासारखं साधन नाही, बादलीचं पाणी एका जागी ओतलं जातं. पंप कोरा हवा, तणनाशकाचा नको. एक माणूस चुलीपाशी कायम, आणि तो भाकऱ्या थापणारा नसावा.

चुलीतून आग तीन वाटांनी बाहेर पडते. पहिली धुराड्यातून. धुराडं असेल तर तोंडावर स्टेनलेस स्टीलची जाळी बसवा, भोक तीन ते पाच मिलिमीटर. याहून बारीक जाळी काजळीने लवकर भरते, धूर दारातून मागे येतो, मग वैतागून कोणीतरी जाळीच काढून टाकतं. म्हणून प्रत्येक वेळी पेटवण्याआधी ती ठोकून, ब्रशने साफ करा. जस्ताचा मुलामा असलेली जाळी किंवा पाइप घेऊ नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि फार तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

दुसरी वाट चुलीच्या तोंडातून. रॉकेट स्टोव्हमध्ये हात-दीड हाताची लाकडं कोंबली की ती आतून जळत जातात, तोल जातो आणि पेटतं टोक बाहेर पडतं. लाकूड २५ ते ३० सेंटिमीटरच तोडा आणि तोंडापुढे पत्र्याचा ट्रे ठेवा.

तिसरी वाट राखेची, तिच्याकडे खाली येतो.

जळण कसलं, यावर ठिणग्यांचं बरंचसं ठरतं. वाळलेली बाभूळ किंवा सुबाभूळ, मनगटाहून बारीक फोडलेली, उत्तम. निखारा टिकतो आणि ठिणग्या कमी. बांबू नको: पेरांत कोंडलेली हवा तापून फटाक्यासारखा फुटतो. ओल्या लाकडाचा धूर थंड होऊन नळीत डांबरासारखा थर बसतो आणि एखाद दिवशी तो थरच पेट घेतो. उसाचं पाचट, कागद, पुठ्ठा यांनी पेटवायची आपल्याकडे सवय आहे, पण त्यांचे जळते तुकडे हलके असतात, नळीतून सरळ वर जातात. त्याऐवजी जाड लाकडं खाली, ढलप्या वर आणि काटक्या सगळ्यांत वर रचून वरून पेटवा. धूरही कमी होतो. एका वेळी दोन-तीनच लाकडं आत.

वाऱ्यावर लक्ष ठेवायला यंत्र लागत नाही. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे: नवं लाकूड घालणं बंद. धूळ आणि कागद उडायला लागले की तो २० च्या पुढे गेला: चूल विझवा.

विझवताना तापलेल्या चुलीत बादली ओतू नका. पत्रा वाकतो आणि वाफेने हात भाजतो. लाकडं एकेक चिमट्याने काढून पाणी भरलेल्या घमेल्यात बुडवा, निखारे ओढून त्यातच टाका, फावड्याने ढवळा, पुन्हा पाणी. हाताची मागची बाजू जवळ धरा. ऊब लागली तर काम राहिलंय. राख लगेच बांधावर फेकायची नाही. तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाणी घालून, दोन दिवस ठेवा, मग खड्ड्यात.

आणि गवताने पेट घेतलाच तर आधी आगीच्या वरच्या बाजूला असलेली माणसं तिथून हलवा, मग १०१ आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन. आग गुडघ्याखाली असेल तरच, आणि जळलेल्या बाजूला उभं राहून, ओल्या फांदीने विझवा. फांदी उचलून आपटू नका, दाबून घासा. आपटलं की ठिणग्या पुढच्या गवतात जातात.