फळ्यावरचं उतरवून घेताना मुलाकडे बघा

वर्गातलं एखादं मूल मागे पडतंय असं वाटलं, की मी आठवडाभर एकच काम बघते: फळ्यावरचं वहीत उतरवणं. मान वर करायची, ओळ शोधायची, शब्द ध्यानात ठेवायचा, मान खाली, वहीतली जागा शोधायची, मग लिहायचं. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडचण, असलेलं मूल यात एकेका अक्षराला अडतं. नजर कमी असलेलं शेजारच्याच्या वहीत डोकावतं. लक्ष टिकत नाही त्याची ओळच हरवते. तिघांच्याही वह्या अर्ध्याच दिसतात, म्हणून वही तपासून काही कळत नाही.

तिसरीतल्या एका मुलाला मी कित्येक दिवस आळशी समजत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. एके दिवशी शेजारी बसून पाहिलं, तर 'घरात' एवढ्या शब्दासाठी त्यानं तीनदा मान वर केली आणि लिहिलं 'धरात'. तोंडी विचारलं तर धडा अख्खा पाठ!

मग मी तोच मजकूर मोठ्या अक्षरांत, ओळींत भरपूर जागा सोडून, कागदावर लिहून त्याच्या वहीशेजारी ठेवला. ओळीखाली सरकवायला पट्टी दिली. असे चार-पाच कागद टेबलावरच ठेवा, ज्याला हवा तो घेईल. एकट्याच्या हातात दिला की बाकीची मुलं बघत राहतात. लिहिणं कमी करा, विचार करणं कमी करू नका: दहाऐवजी चार गणितं, पण सोपी करून नव्हे. उत्तर तोंडी चालत असेल तर तोंडी घ्या.

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. कमी ऐकू येणारं मूल तुमचे ओठ बघत असतं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी लावा आणि तास बदलणार असेल तर आधीच सांगा.

पालकांशी बोलताना निदान करू नका, ते तज्ज्ञांचं काम. 'एका शब्दाला तीनदा वर बघतो, घ-ध, भ-म यांत गोंधळतो' असं दिसलं तेवढंच सांगा, आणि डोळे-कान आधी तपासून घ्यायला सांगा.

तो मुलगा आता गणिताला कागद घेत नाही. भाषेच्या तासाला अजून घेतो. मी घेऊ देते.