इको सेन्सिटिव्ह मसुद्यावर हरकत कशी घालायची (गोवेकरांसाठी)

व्हॉट्सअ‍ॅपवर भांडून सरकारदरबारी काही नोंद होत नाही, लेखीच द्यावं लागतं. पश्चिम घाटातला कुठला भाग इको सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवायचा, याचा केंद्र सरकारचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा घ्या, त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किमी होते आणि हरकतींना मुदत ६० दिवस, म्हणजे चतुर्थीच्या गडबडीतच अर्धी गेली. म्हणून मसुदा आला की आधी मुदत बघा, मग यादीत आपला गाव आहे का ते.

पत्रात 'निसर्ग वाचवा' किंवा 'आमच्यावर अन्याय' एवढंच लिहू नका, असली पत्रं ढिगाने येतात. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढा, सर्व्हे नंबर टाका, आणि तिथे नेमकं काय आहे ते लिहा: अमुक सर्व्हेत बारमाही झर आहे, खाली कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी त्याचंच, गवे उन्हाळ्यात तिथेच उतरतात, फोटो जोडलाय. विरोध असेल तरी हेच, कुठल्या कलमाने तुमचं कुळागर अडतं ते सांगा. (मसुद्यातली खाणीला बंदी म्हणजे घर बांधायलाही बंदी असं सांगत फिरणारे भेटतीलच, कलम स्वतः वाचा.)

पंचायतीत जैवविविधता समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याने, तिची गावातल्या निसर्गाची नोंदवही बघायला मागा. त्यात तुमची झर नसली तर ग्रामसभेत उठून बोला आणि मिनिट्समध्ये आलं का तेही तपासा, नुसतं बोलून बसू नका.

ईमेल केलात तर पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा, हाती दिलंत तर कॉपीवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.