साय-फाय पिक्चरमधल्या चुका काढायच्या कशा (आणि काढल्यावर तोंडावर पडायचं नाही ते कसं)

सगळ्यात आधी, पहिल्यांदा बघताना चुका शोधायला बसू नका. पहिला राऊंड गप बघायचा, फक्त कुठे काही खटकलं तर मोबाईलमध्ये वेळ टाकून ठेवायची, एक तास बारा मिनिटं, बास, पॉज पण करायचा नाही. कारण पॉज करकरून बघितलं तर ग्लासातलं पाणी वर-खाली झालेलं कुठल्याही पिक्चरमध्ये सापडतं हो, त्यात काय विशेष. गोष्टीत गुंतलेले असताना पण जे खटकलं ते खरं मटेरियल.

दुसऱ्या राऊंडला अवजारं काढायची. फाईल असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ई दाबा, दर वेळी एक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर क्लिप असेल तर पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं वापरा, एक मागे नेतं एक पुढे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने चालतो म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या शॉटमध्येसुद्धा १२ फ्रेम मिळतात, स्टंट डबलचा चेहरा पकडायला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

बघायचं कुठे? हिरोच्या तोंडाकडे सोडून सगळीकडे. जखम कुठल्या गालावर आहे, घड्याळ कुठल्या हातात, केस ओले की कोरडे, गाडीची काच फुटलेली की शाबूत. टर्मिनेटर टू मध्ये कालव्यातल्या त्या पाठलागात ट्रक पुलावरून खाली आपटतो, पुढची काच निखळून पडते आणि पुढच्या शॉट्समध्ये काच परत जागेवर, जणू मधे कोणी गॅरेजला नेऊन आणला. २०१७ ला थ्रीडी व्हर्जन आलं तेव्हा ती डिजिटली दुरुस्त केली, म्हणजे २६ वर्षं लोक बोंबलत होते त्याचा काहीतरी उपयोग झाला. आणि साय-फायमध्ये मागचे मॉनिटर तर सोडूच नका, कारण तिथे जे 'लाईव्ह' दाखवतात ते बऱ्याचदा आधी शूट करून ठेवलेलं असतं. जुरासिक पार्कमध्ये पार्कचा कॉम्प्युटरवाला नेड्री बंदरावरच्या माणसाशी व्हिडिओवर बोलतो, त्या खिडकीच्या खाली बघा, व्हिडिओ प्लेयरची पट्टी आरामात सरकतेय.

आता महत्त्वाचं. सापडलं की लगेच 'चूक चूक' करायचं नाही, आधी ही कुठल्या जातीची चूक ते ठरवायचं, इथेच निम्मे लोक आपटतात. काच परत येते ही शूटिंगमधली कंटिन्यूइटीची चूक, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळत नाही. आकडे किंवा वयं जुळत नाहीत ही लिहिण्यातली. पिक्चरने स्वतःच सांगितलेला नियम स्वतःच मोडला तर तो प्लॉट होल. आणि खऱ्या जगाशी जुळत नाही ते वेगळंच, उदा. बॅक टू द फ्युचरमध्ये टाइम मशीनने मागे गेलेला हिरो मार्टी १९५५ सालात स्टेजवर जी गिब्सन ईएस-३४५ गिटार वाजवतो ती बाजारात आली १९५८ ला. ही चूक आहे, शंभर टक्के, पण हिला कंटिन्यूइटी म्हणालात तर जुने फॅन तुम्हाला कच्चे खातील.

सगळ्या जाती एकाच पिक्चरमध्ये बघायच्या असतील तर १९८२ चा ब्लेड रनर घ्या, अभ्यासाला याच्यासारखा पिक्चर नाही. त्यात पोलीस साहेब ब्रायंट हिरो डेकर्डला ब्रीफिंग देताना सांगतो की सहा रेप्लिकंट (हुबेहूब माणसासारखे बनवलेले कृत्रिम जीव) पळाले, एक विजेच्या कुंपणात भाजून मेला. मग उरले पाच ना? पण दाखवतो चारच, रॉय, लिऑन, झोरा, प्रिस. पाचवा कुठाय? खरं कारण साधं आहे, स्क्रिप्टमध्ये मेरी नावाची अजून एक होती, ती शूटिंगआधीच उडाली पण डायलॉगातला हिशोब कोणी बदलला नाही. फॅन लोकांनी मात्र यावर मोठी थिअरी उभी केली, की तो न सापडलेला रेप्लिकंट म्हणजे डेकर्ड स्वतः. वर्षानुवर्षं यावर भांडणं झाली आणि २००७ च्या फायनल कटमध्ये, म्हणजे परत दुरुस्त करून काढलेल्या व्हर्जनमध्ये, ब्रायंट शांतपणे म्हणतो की दोन भाजून मेले. विषय संपला. (मला विचाराल तर डेकर्ड रेप्लिकंट आहे की नाही हा वाद चांगलाच आहे, पण त्याला पुरावा म्हणून हा हिशोब लावणं म्हणजे पोरकटपणा.)

त्याच पिक्चरमध्ये झोरा काचा फोडत पळते तिथे विग घातलेली स्टंटवाली स्पष्ट दिसायची, फायनल कटसाठी जोआना कॅसिडीला परत बोलावून तिचा चेहरा तिथे बसवला. सापवाल्या अब्दुलच्या दुकानात हॅरिसन फोर्डचे ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच, तिथे त्याच्या मुलाचं, बेन फोर्डचं तोंड शूट करून लावलं. आणि शेवटी रॉय मरतो तेव्हा धो धो पाऊस, रात्र, आणि हातातलं कबुतर उडतं ते थेट स्वच्छ निळ्या आकाशात! तेही बदललं.

म्हणून तिसरं काम, आपण कुठलं व्हर्जन बघतोय ते आधी बघा. ब्लेड रनरचे १९८२ चे थिएटरवाले, १९९२ चा डायरेक्टर्स कट आणि २००७ चा फायनल कट, सगळ्यात चुका वेगवेगळ्या, तुम्ही ओटीटीवर फायनल कट बघून म्हणाल कबुतर ठीक आहे की, आणि समोरचा जुन्या डीव्हीडीवरून भांडत असेल, दोघंही बरोबर. हिंदी डबिंगवर तर आकड्यांचा वाद घालूच नका, ओठांच्या मापात बसवायला डायलॉग बदलतात त्यामुळे ओरिजिनल ऑडिओ लावून ऐका, आणि सबटायटलवर पण आंधळा विश्वास नको. जुन्या चौकोनी टीव्हीच्या प्रिंटमध्ये कधी कधी वर-खाली जास्तीचं दिसतं, थिएटरात झाकलेला माईक त्यात लटकताना दिसतो, त्याचा दोष डायरेक्टरला देता येत नाही.

सिक्वेल असले की आकड्यांसाठी एक वही किंवा शीट करा, साल, वय, कोण कधी जन्मला. टर्मिनेटर टू मध्ये पोलिसांच्या स्क्रीनवर जॉन कॉनर १० वर्षांचा आहे, पहिल्या पार्टच्या हिशोबाने ते बसतंही, पण तिसऱ्या पार्टमध्ये तोच जॉन सांगतो की तेव्हा मी १३ चा होतो. असली चूक शीट केल्याशिवाय लक्षातच येत नाही.

चौथं काम लोकांना आवडत नाही पण करायचंच, आपणच शोधलेल्या चुकीच्या विरुद्ध, म्हणजे पिक्चरच्या बाजूने, वकिली करायची. मार्व्हल कॉमिक्समध्ये स्टॅन लीने नो-प्राईझ नावाची भन्नाट गंमत चालवली होती, पुढे पुढे ती अशा वाचकाला मिळायची जो नुसती चूक दाखवायचा नाही तर ती चूक कशी नाहीच हे पटवून द्यायचा. बक्षीस काय, तर रिकामा लिफाफा! तसंच करा. इंटरस्टेलरमध्ये पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीची सात वर्षं, आणि तिथे उतरलेले अंतराळवीर परत येतात तेव्हा वर यानात थांबलेल्या त्यांच्या सहकाऱ्याची, रोमिलीची, २३ वर्षं गेलेली. लोक म्हणतात सीन तर थोड्या मिनिटांचा आहे मग २३ कशी? अरे भागाकार करा, सव्वातीन तास येतात, आणि लाटेनंतर इंजिनातलं पाणी निघेपर्यंत ते तिथे अडकून पडतात हे पिक्चर स्वतःच सांगतो. केस खारीज.

आणि मुद्दाम केलेलं ओळखा. बॅक टू द फ्युचरमध्ये सुरुवातीला मॉलचं नाव ट्विन पाईन्स (पाईनची दोन झाडं), शेवटी लोन पाईन (एकच पाईन). आर्ट डिपार्टमेंटची चूक म्हणून कोणी नाचायला लागला की समजा त्याने पिक्चर नीट बघितलाच नाही, मार्टीने १९५५ मध्ये गाडीखाली एक झाड चिरडलं ना राव!

एवढ्या चुका राहतात कशा असं वाटेल, तर सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात, एकच सीन लांबून, जवळून, परत परत, आणि सेटवर स्क्रिप्ट सुपरवायझर फोटो आणि नोट्स ठेवत असला तरी शेवटी टेक निवडतो एडिटर. वॉल्टर मर्च या एडिटरने कट कुठे मारायचा याची टक्केवारीच दिलीये, भावनेला ५१ आणि माणसं-वस्तू कुठे होत्या त्या जागेच्या सलगतेला ४. म्हणजे अभिनय भारी असलेला टेक आणि ग्लास बरोबर जागेवर असलेला टेक यात ग्लास हरणार, माहीत असूनही हरणार. त्यामुळे लिहिताना 'यांना एवढं पण कळलं नाही' टाईप वाक्य टाळा, त्यांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. स्टार वॉर्समध्ये एका स्टॉर्मट्रूपरचं (पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचं) डोकं दारावर आपटतं, तर २००४ च्या डीव्हीडीत डायरेक्टर लुकासने तिथे आपटल्याचा आवाजच घातला, आणि त्याआधी २००२ च्या पार्टमध्ये जँगो फेट या पात्राचं डोकं पण दारावर आपटवून ठेवलं होतं.

लिहिताना व्हर्जन, वेळ, आधीच्या शॉटमध्ये काय, नंतर काय, जात कुठली आणि तुम्ही केलेली वकिली कुठे कमी पडली, एवढं द्या. स्क्रीनशॉट दोन, एक नाही, कारण चूक दोन शॉटच्या मधे असते.

सराव म्हणून जुरासिक पार्कमधलं टी-रेक्सचं कुंपण घ्या. आधी बकरी बांधलेली तिथे जमीन रस्त्याच्या लेव्हलला, टी-रेक्स चालत बाहेर येतो, आणि थोड्या वेळाने त्याच भिंतीवरून गाडी ढकलली जाते तर खाली मोठा खड्डा, गाडी झाडात अडकते. फॅन लोकांनी याचे नकाशे काढलेत, की कुंपणाच्या एका भागात चर होता आणि गाडी ढकलत ढकलत तिथपर्यंत गेली. कागद घ्या, दोन्ही गाड्या, बकरी, फाटलेलं कुंपण आणि झाड कुठे कुठे ते शॉट बघून मांडा. नकाशे बघायचे ते तुमचा काढून झाल्यावर.